शेरा : सर्वत्र आढळते

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. कपाटाचा खण. तुमच्या घरच्या खणात काय असतं ते मला ऐकून माहीत आहे. तुटकी पेन्सिल, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. मी तसला नाही. मी कीटकसंग्रहातला खण आहे, क्रमांक चौतीस. माझ्या तळाला बुचाचा थर आहे, वर काचेचं झाकण आहे आणि कडेला डांबरगोळ्यांची पुरचुंडी आहे. माझ्यात मेलेले किडे राहतात. नाकं मुरडू नका. तुमच्याकडे बघून त्यांनी कधी मुरडलेलं नाही.

माझा स्वभाव कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोरडं राहणं हीच माझी नोकरी. जरा ओल धरली की बुरशी येते आणि बुरशी आली की आतले सगळे गेलेच म्हणून समजा. तेव्हा जे सांगणार ते मी कोरडेपणानेच सांगणार.

मला एका सुताराने केलं. माझ्यासारखे साठ खण त्याने एकट्याने केले. हात चांगला होता, पण शेवटी शेवटी कंटाळला असावा. माझा मागचा डावा कोपरा नीट मिटला नाही. तिथे नखभर फट राहिली. संग्रह ज्यांनी उभा केला ते मोठे सर फार काटेकोर. त्यांनी फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा सांधा उघडा राहिलाय."

सुतार म्हणाला, "सर, किडे मेलेलेच ठेवणार ना? मग पळून कुठे जातायत?"

सरांना हसू आलं आणि मी पास झालो. ती फट तेवढी लक्षात ठेवा.

सरांचा एक नियम होता. चिठ्ठी नाही तर कीटक नाही, नुसता केर. प्रत्येक टाचणीवर किड्याच्या खाली एक चिठ्ठी हवी. कुठे सापडला, कधी, कुठल्या झाडावर, कोणी पकडला. या चिठ्ठ्या लिहायला एक मुलगी कामाला लागली. सगळं ऑफिस तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचं, अगदी तिच्याहून दुप्पट वयाचा शिपाईसुद्धा. करंगळीच्या नखाएवढ्या कागदावर ताई चार ओळी लिहायच्या, आणि त्या वाचताही यायच्या.

जे किडे फार बारीक, ज्यांना टाचणी टोचली तर काही उरणारच नाही, त्यांच्यासाठी ताई कागदाचा छोटा त्रिकोण कापायच्या. त्रिकोणाच्या टोकाला डिंकाचा ठिपका, ठिपक्यावर किडा, आणि टाचणी मागच्या बाजूने कागदात. इथपर्यंत सगळे असंच करतात. पण ताईंची एक खोड होती. त्रिकोणाच्या पोटावर, म्हणजे खालच्या बाजूला, त्या किड्याचा नोंदवहीतला आकडाही लिहायच्या.

सर वैतागायचे. "खालून लिहिलेलं वाचणार कोण? जमिनीवर उताणं पडून?"

"चिठ्ठी हरवली तर असावं म्हणून, सर."

"माझ्या संग्रहात चिठ्ठ्या हरवत नाहीत."

ताई मान हलवायच्या आणि पुन्हा आकडा लिहायच्या. सर काटेकोर असतील, पण ताई चिवट होत्या.

ताईंच्या वडिलांची गावाबाहेर लिंबाची बाग होती. चारशे झाडं, सगळी त्यांनी स्वतः लावलेली. एकदा ते मुलीला डबा द्यायला ऑफिसात आले आणि डब्याबरोबर एक काड्यापेटी ठेवून गेले. "ही कोण आहे ते विचार गं तुझ्या सरांना. आपल्या झाडांवर सारखी हुंदडत असते."

पेटीत तिळाएवढी एक माशी होती. सरांनी भिंगातून पाहिलं, मग पुढचे आठ दिवस बागेत जाऊन पाहिलं, आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. लिंबाच्या पानांना पिठ्या ढेकूण नावाची कीड लागते. अंगावर पीठ सांडल्यासारखी पांढरी असते. पानाला चिकटून बसते आणि रस पिऊन झाड वाळवते. ही तिळाएवढी माशी त्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते. अंड्यातून निघालेलं पोर ढेकणाला आतून खाऊन मोठं होतं. ऐकायला वाईट आहे, पण झाडाच्या दृष्टीने फार चांगलं आहे. पोर ढेकणावर वाढतं आणि आई मात्र बांधावरच्या झुडपांच्या पांढऱ्या फुलांतला मध पिऊन जगते. म्हणजे तिला ढेकूणही हवा आणि फूलही हवं.

"न बोलावता आलेली राखणदारीण आहे तुमच्याकडे," सर ताईंच्या वडिलांना म्हणाले. ताईंनी तिचं नाव तिळमाशी ठेवलं. शास्त्रातलं लांबलचक नाव शोधायचं राहिलं. सरांनी त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाले, "नंतर बघू. ही काय, कुठेही मिळते."

खरंच मिळायची. आमच्या ऑफिसच्या खिडकीच्या काचेवर सकाळी डझनाने बसलेल्या असायच्या. माझ्या पहिल्या रांगेत अठरा तिळमाश्या लागल्या आणि माझं काम सुरू झालं.

मित्रांनो, त्या काळात माझं कौतुक कोणी केलं असेल असं वाटत असेल तर तो विचार सोडा. पाहुणे यायचे ते खण क्रमांक बाराकडे. तिथे फुलपाखरं होती. मला उघडलं की लोक म्हणायचे, "यात काय, तीळ सांडलेत का?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

पुढे मोठे सर निवृत्त झाले. नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना पाहुणे आवडायचे. कुठल्याशा लांबच्या जंगलातून संग्रहाला दहा भुंगे भेट आले. मोरपंखी रंगाचे, अंगठ्याएवढे, आणि इतके दुर्मीळ की असा भुंगा जिवंत पाहिलेला माणूस ऑफिसात एकही नव्हता. त्यांना जागा हवी होती आणि जागा कुठेच नव्हती. साहेबांनी नियम काढला. "जे सर्वत्र आढळतं त्याने जागा अडवायची नाही."

कोणाला काढायचं ते ठरवायचं काम ताईंवर आलं. आता त्याच सगळ्यात जुन्या होत्या. मी त्यांना दोष द्यायला बसलेलो नाही. जे पाहिलं ते सांगतो. त्यांनी मला टेबलावर घेतलं, तिळमाश्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि हसल्या.

"ही काय, तिथेच बसलीय! हवी तेव्हा चिमट्यात धरू."

एकेक टाचणी उपटून त्यांनी डब्यात टाकली. टाचण्या अठरा भरल्या. मग नोंदवहीत शेरा लिहिला, "तिळमाशी : सर्वत्र आढळते. नमुने काढून टाकले." खाली सही केली. संग्रहवाल्यांची ही जुनी सवयच आहे. दुर्मीळ दिसलं की जिवापाड जपायचं आणि रोजचं असेल ते उद्यावर टाकायचं.

टाचण्या अठरा भरल्या खऱ्या, पण माश्या सतराच गेल्या. एकीचा कागदी त्रिकोण टाचणीवरून निसटला, बुचावरून घरंगळला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या फटीत जाऊन बसला. ताईंनी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण माझ्या पाहण्याचा कोणाला काय उपयोग?

मग माझे चांगले दिवस आले. वर्तमानपत्रात माझा फोटो छापला गेला. म्हणजे भुंग्यांचा, पण कड माझी दिसत होती. शाळाच्या शाळा यायच्या. मुलं काचेवर नाकं दाबायची आणि शिपाई ओरडायचा. मीही फुगलो. खोटं कशाला बोलू? तिळांपेक्षा भुंगे अंगावर बरे दिसतात.

त्या गडबडीत कधीतरी एका सकाळी ताई खिडकीपाशी थांबल्या. "हल्ली काचेवर माश्या दिसत नाहीत, नाही?"

"बरंच झालं की," शिपाई म्हणाला. "रोज पुसावी लागत नाही."

ताई "हं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तेव्हा चिमटा हातात घ्यायला हवा होता, पण कोणीच घेतला नाही.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर बोलण्यांतून कळलं. बांधावरची झुडपं लोकांना अडगळ वाटू लागली होती. ती काढून तारेची कुंपणं घातली जात होती. कीड असो वा नसो, फवारणी ठरल्या तारखेला होत होती. औषधाला ढेकूण कोणता आणि राखणदारीण कोणती हे कळत नाही. सरांनी सगळं लिहून ठेवलं होतं, पण सरांची वही कपाटाच्या वर होती आणि वहीवर धूळ होती.

ताई निवृत्त झाल्या. दोन वर्षं गेली. त्यांच्या जागेवर एक तरुण बाई आल्या. त्या शिकून डॉक्टर झालेल्या होत्या, माणसांच्या नव्हे तर किड्यांच्या. त्यांना सगळे डॉक्टर मॅडम म्हणायचे. एके दिवशी एक माणूस प्लास्टिकच्या पिशवीत लिंबाची फांदी घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा राहिला. फांदीचं पान दिसत नव्हतं, नुसतं पांढरं पीठ. तो ताईंचा धाकटा भाऊ होता. वडील गेल्यावर बाग तोच बघत होता.

"सगळं मारून झालं, मॅडम," तो म्हणाला. "हे औषध, ते औषध. आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिल्यासारखं. आता म्हणतात झाडं तोडून जाळा. चारशे झाडं आहेत हो. बाबांनी हाताने लावलेली."

"आधी कधी लागला होता का हा ढेकूण?"

"असायचा एखाद-दुसरा. त्याचं कधी काही वाटलं नाही."

"म्हणजे त्याला कोणीतरी खात होतं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि जुन्या नोंदवह्या काढून बसल्या. दुपारी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "तिळमाशी. सर्वत्र आढळते. नमुने काढून टाकले."

धाकट्याने मान पुढे काढून पाहिलं. "हे अक्षर आमच्या ताईचं आहे."

मॅडमनी त्याला नीट समजावलं. अशा तिळाएवढ्या माश्या शेकडो जातींच्या असतात आणि वरवर सगळ्या सारख्या दिसतात. पण प्रत्येकीचा ढेकूण वेगळा. चुकीची माशी आणली तर ती या ढेकणाकडे ढुंकूनही बघणार नाही. नेमकी कोणती ते कळलं तर बाहेरच्या संग्रहांना लिहिता येईल आणि कुठे जिवंत असली तर आणून बागेत सोडता येईल. त्यासाठी एक तरी नमुना हवा. एक तरी!

मित्रांनो, इथे माझा कोरडेपणा संपला. नमुना माझ्याकडे होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी अवस्था, फक्त काख माझी होती आणि मला बोलता येत नव्हतं. ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी उभ्यानेच नोंदवही वाचली, स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मीच टाकल्या. खिडकीत दिसत होत्या म्हणून टाकल्या." मग त्या अचानक म्हणाल्या, "चौतीस नंबर काढा बरं."

मला टेबलावर ठेवलं. भुंग्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. "या खणाचा मागचा कोपरा उघडा आहे. टाचण्या नेहमी तिथे जाऊन पडायच्या. नंतर कधीतरी मी तिथे कागदाची घडी कोंबली. बारीक चिमटा द्या."

घडी निघाली. मग टाचणीचं एक डोकं, डांबरगोळीचा चुरा, एक धागा. आणि मग तो कागदी त्रिकोण. टोकाला तीळ तसाच चिकटलेला, पंखांसकट.

धाकट्याने श्वास सोडला. पण मॅडमच्या कपाळावर आठी आली. "चिठ्ठी नाही, ताई. कुठली आहे, कशावर होती, कळायचं कसं? लिंबावरची नसेलही."

ताईंनी चिमट्यातला त्रिकोण अलगद उलटा केला. पोटावर आकडा होता, एकवीसशे सहा. सर असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

नोंदवहीत एकवीसशे सहा काढला. ताईंच्याच तरुणपणच्या अक्षरात लिहिलं होतं, "तिळमाशी. लिंबाची बाग, पूर्वेचा बांध. पांढऱ्या फुलांचं झुडूप. पकडणारे : बाबा." पूर्ण नाव लिही म्हणून सर तेव्हा रागावले होते. पण ताईंनी 'बाबा'च ठेवलं होतं.

धाकटा खुर्चीत बसला. "पूर्वेचा बांध?" त्याने पुन्हा विचारलं. "ताई, तो मी मागच्या उन्हाळ्यात साफ केला. मशीन लावून. दोन ओळी जास्त बसतील म्हणून."

"सगळी झुडपं?"

"तिथलीच तेवढी राहिली होती."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, की इतरत्र झुडपं कधीच गेली होती, तेव्हा उरलेल्या माश्या कदाचित त्याच बांधावर तग धरून राहिल्या असतील. धाकट्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू एकटा नाहीस रे," त्या म्हणाल्या. "मी खण साफ केला, तू बांध साफ केलास. दोघांनी मिळून बाबांची माशी घालवली."

मॅडमनी माशीचं चित्र काढलं, फोटो काढले, प्रश्नचिन्हाच्या जागी शेवटी एकदाचं नाव लिहिलं आणि सात ठिकाणी पत्रं धाडली. पाच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. दोन आली. दोन्हींत जवळजवळ एकच मजकूर होता. आमच्याकडे असायची, हल्ली दिसत नाही. सर्वत्र आढळत असल्याने नमुने ठेवलेले नाहीत.

बाग तुटली. चारशेतली तीनशे साठ झाडं गेली. विहिरीजवळची चाळीस धाकट्याने हट्टाने ठेवली आहेत. औषध पूर्ण बंद केलं आहे. आता तो, त्याची बायको, एक मजूर आणि ताई अशी चौघं जण साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसतात. खालूनसुद्धा. सकाळी पहिल्या झाडापासून सुरुवात करतात आणि पंधरा दिवसांनी चाळिसाव्या झाडापाशी पोचतात, तोवर पहिल्यावर पुन्हा पीठ सांडलेलं असतं. पूर्वेच्या बांधावर त्याने पांढऱ्या फुलांची झुडपं पुन्हा लावली आहेत. बैल गेला आणि झोपा केला, असं तो स्वतःच म्हणतो. पण पाणी रोज घालतो.

दर महिन्याला ताई एक काड्यापेटी घेऊन ऑफिसात येतात. पानं पुसताना जे काही बारीक उडताना दिसलं ते त्यात असतं. मॅडम भिंगाखाली बघतात, त्रिकोणावरच्या माशीशी ताडून बघतात.

"ही ती नाही, ताई."

"बरं. पुढच्या महिन्यात बघू."

फडक्याने त्यांची बोटं सोलपटली आहेत. चिठ्ठ्या लिहिण्याचं अक्षर मात्र अजून तसंच आहे, कारण माझ्यातल्या चिठ्ठ्या पुन्हा ताईच लिहितात. भुंगे दर्शनी कपाटात गेले. डॉक्टर मॅडमच्या नव्या नियमाप्रमाणे माझ्यात आता फक्त साधे जीव असतात. घरमाशी, काळी मुंगी, डास, गवतातला नाकतोडा, दिव्यावर येणारा पतंग. आणि पहिल्या रांगेत, एकटीच, एकवीसशे सहा. मागची फट मात्र ताईंनी बुजवू दिली नाही.

मित्रांनो, तुम्ही शाळेबरोबर इथे आलात तर धावत भुंग्यांकडेच जाल, मला ठाऊक आहे. जा. सुंदर आहेत. पण जाताना घडीभर माझ्यापाशी थांबा. जे दुर्मीळ झालं त्याला जपायला सगळे येतात, पण तोवर फार उशीर झालेला असतो. जे रोज दिसतं, ज्याला तुम्ही 'हे काय, नेहमीचंच' म्हणता, ते दिसतंय तोवर जपा. तुमच्या खिडकीत, कुंपणावर, शाळेच्या भिंतीवर कोण कोण येतं ते एकदा नीट बघून ठेवा, नाव माहीत नसलं तरी. आणि यायचं थांबलं तर कोणाला तरी सांगा.

मागच्या आठवड्यात तुमच्याएवढी एक मुलगी माझ्या काचेवर वाकली आणि फिसकन हसली. "एवढ्या मोठ्या रांगेत एवढासाच तीळ!"

हसू दे तिला. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्या तिळाचं काम आज चार माणसं करतात. दिवसभर करतात, दमतात, आणि तरी पुरी पडत नाहीत.